बर्फ पुरेल तेवढं

राधिका रोडला अझीम तांबोळीच्या दुकानात
काउंटरवर तीन यंत्रं,
कासारानं बांगड्या मांडाव्यात तशी फडक्यावर.
"सिस्टर, तुम्हाला पडत्या भावात."
त्याला बीसीजी मीच टोचली होती. दंडावरचा वण
हाफ शर्टातून अजून डोकावतो.

गाडी रिटायर झाल्यावर घेतली, सेकंडहँड, राखाडी.
लायसन्स एकोणसाठाव्या वर्षी,
तेही दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला
मी आठचा आकडा काढत होते आणि
आमचे हे कुंपणाबाहेरून ओरडत होते.

आता शेजारी बसतात.
पोवई नाका आला की सुरू:
गिअर टाक. अगं तो डंपर. डावीकडं घे.
डावीकडं म्हटलं ना.
चौतीस वर्षं एसटीच्या स्टँडवर कंट्रोलर,
दुसऱ्यांच्या गाड्या सोडायची जिभेला सवय.

म्हणून हे यंत्र.

पहिलं परातीएवढं.
"यात अख्खा भारत आहे," अझीम म्हणाला.
राहू दे रे भारत, म्हटलं, वरचा मुरा टाक.
त्यानं टाकला. पडद्यावर एक चकती
घाण्याच्या बैलासारखी फिरत राहिली,
मग उमटलं: असं ठिकाण नाही.

असं ठिकाण नाही!
सव्वीस बाळंतपणं केलीत मी तिथं,
त्यातलं एक पायाळू.
कासच्या अलीकडं डांबर सोडायचं,
करवंदीच्या जाळ्यांतून खाली,
मग ओढा, मग नुसती चढण,
खांद्याला लशीचा डबा.
किलोमीटर कुणाला ठाऊक होते?
डब्यातला बर्फ विरायच्या आत पोचलं ते जवळ,
नाही पोचलं ते लांब.
आणि रात्री कुणी बॅटरी घेऊन बोलवायला आलं की
त्याला एकच विचारायचं:
निघालास तेव्हा दोन कळांत अंतर किती होतं?
"एक बिडी ओढून हुती तेवडं."
पुढचं पाय ठरवायचे.

दुसरं यंत्र बोलणारं. बाईचा आवाज, इस्त्रीची मराठी:
"कृपया उजवीकडे वळावे."
नाही वळलं तर: "आपण मार्ग चुकला आहात."
हे एकदम खूश.
"हेच घेऊ. स्पष्ट बोलते."

तिसरं शोकेसमधलं, काचेवर चरा,
मराठीही जरा अडखळती.
अझीमनं ते गाडीत लावून दिलं, बघा म्हणाला फिरवून.
मी मुद्दाम भलत्याच बोळात घुसले.
ते क्षणभर थांबलं.
"नवा मार्ग शोधत आहे."
बस्स. उसासा नाही, कपाळाला हात नाही,
सतराशे साठ वेळा सांगितलं होतं, तेही नाही.
परत चुकले.
"नवा मार्ग शोधत आहे."
तिसऱ्यांदा तर नुसतं ऐकायला चुकले.
"पेट्रोल जळतंय," हे म्हणाले.
जळू दे.

पैसे माझ्या पेन्शनीतले. पावती माझ्या नावावर.
अझीमनं एक सुपारी पुढं केली, कव्हर फुकट दिलं.

रविवारी यवतेश्वरचा घाट चढून गेलो.
पेट्री गेली. हे बरेच गप्प होते,
यंत्राशी बरोबरी करावी की काय अशा विचारात.
पुढं एके ठिकाणी पडद्यावरचा रस्ताच संपला.
निळा बाण नुसत्या हिरव्यात उभा,
गाभण म्हशीसारखा, हलायचं नाव नाही.
"नवा मार्ग शोधत आहे," ते म्हणालं.
थोड्या वेळानं पुन्हा म्हणालं.

मी किल्ली फिरवली, बंद केली गाडी.
"उतरा."
"इथं? काय आहे इथं?"
चौतीस वर्षांत हे कधी आले नव्हते इकडं.
ड्युटीवरून मी घरी यायचे तेव्हा
माझ्या साडीच्या काठाला चिकटलेली कुसळं
यांनीच काढलीत कधीमधी, पेपर वाचता वाचता,
कुठली म्हणून विचारलं नाही.

जाळ्या वाढल्यात. वाट बारीक झालीय,
पण आहे.
"किती लांब?" यांनी विचारलं.
माझा हात खांद्याकडं गेला.
डबा नव्हता. जागा तेवढी अजून खोलगट आहे.

सांगायला वळले, तर हे
उजवीकडच्या वाटेनं
बरेच पुढं गेलेले.